मेलबर्नचं ऑफिस, शेजार आणि ‘नो वरीज’: बोलण्याचा खरा अर्थ कसा लावायचा?

नवखा_पाहुणा

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेलबर्नला नोकरीवर रुजू व्हायचं आहे. आम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी. व्हिसा, बँक, भाड्याचं घर यावरचे धागे वाचून झालेत, ते पुन्हा उगाळत नाही. प्रश्न रोजच्या वागण्याचा आहे.

एक गट सांगतो, ‘बिनधास्त लोक, साहेबाला नावाने हाक मारतात, कशाचं टेन्शन नाही.’ दुसरा सांगतो, ‘गोड बोलतात, पण चार वर्षांत कुणी चहाला घरी बोलावलं नाही.’ दोघं एकाच देशाबद्दल बोलतायत ना, अशी शंका येते. ऑफिसात ‘नाही’ कसं म्हणतात, आजारपणाची रजा घेताना किती सांगायचं, भारतातल्या टीमचे संध्याकाळचे कॉल घ्यावेच लागतात का, पबमध्ये न पिणाऱ्याने काय करायचं, ‘ब्रिंग अ प्लेट’ म्हणजे काय, आणि शेजाऱ्यांशी नेमकं कशावरून वाजतं, हे जाणकारांनी सांगावं. आत्मचरित्रं नकोत प्लीज. ‘असं करा, असं करू नका आणि का’ एवढंच हवं.

यारापलीकडे

दोन्ही गट खरं बोलतायत. इथला सैलपणा जिभेपुरता असतो. वेळ, पाळी, वाटा आणि दिलेला शब्द या बाबतीत हीच माणसं भलतीच काटेकोर. आपलं गणित बरोबर उलटं: बोलण्यात अदब, वेळेत ढिलाई. घोळ सगळा तिथेच होतो.

ऑफिसच्या बोलण्यापासून सुरू करतो. ‘हाऊ या गोइंग?’ हा प्रश्न नाही, तो नमस्कार आहे. ‘नॉट बॅड, यू?’ म्हणायचं आणि चालत राहायचं. थांबून पाठदुखी सांगायला लागलात तर समोरचा कॉफी हातात धरून अडकतो. ‘सर’, ‘मॅडम’ कुणालाच नाही, सीईओलाही नाही. मान दिला असं त्यांना वाटत नाही, उलट काहीतरी टोमणा मारला असं वाटू शकतं. ईमेलची सुरुवात ‘हाय’ आणि पहिलं नाव. ‘रिस्पेक्टेड’, ‘काइंडली डू द नीडफुल’ विमानात बसण्याआधीच सोडून या.

आता महत्त्वाचं. इथे हुकूम सूचनेच्या कपड्यात येतो. मॅनेजर म्हणाला, ‘माइट बी वर्थ हॅविंग अ लुक ॲट दॅट’, तर त्याचा अर्थ ‘बघायला हरकत नाही’ असा नाही. आजच बघ, असा आहे. ‘नॉट आयडियल’ म्हणजे चांगलीच चूक झाली. ‘या, ना’ म्हणजे नाही आणि ‘ना, या’ म्हणजे हो. शेवटचा शब्द मोजायचा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. ‘लीव्ह इट विथ मी’ म्हणजे मी बघतो, पण कधी ते सांगितलेलं नाही. तिथेच ‘गुरुवारी विचारू का?’ म्हणून तारीख काढून घ्या, नाहीतर ते काम तसंच राहतं. ‘ऑल गुड’ आणि ‘आय ॲम राइट, थँक्स’ हे बहुतेक वेळा नकार असतात. कुणाला चहा विचारला आणि ‘आय ॲम राइट’ आलं, तर कप पुढे करू नका.

‘नो वरीज’चे प्रकार वेगळेच. आभाराला उत्तर म्हणून आलं तर ‘असू दे’. तुमच्या माफीला उत्तर म्हणून आलं तर ‘झालं गेलं’, पण तीच चूक तिसऱ्यांदा झाली की स्वर सपाट होतो, तो ओळखायला शिका. विनंतीच्या शेवटी ‘नो वरीज इफ नॉट’ असेल तर मात्र ती खरोखर विनंती आहे, नाही म्हटलंत तरी चालतं.

आपल्याकडून हमखास होणारी चूक म्हणजे ‘आय विल ट्राय’. आपल्या डोक्यात तो मवाळ नकार असतो, त्यांच्या डोक्यात तो शब्द असतो. काम शुक्रवारी होणार नसेल तर बुधवारी सांगा, कारण आणि नवी तारीख दोन ओळींत. कुणी ओरडत नाही, खरंच नाही. शुक्रवारी चारला सांगितलंत तरीही कुणी ओरडणार नाही, ‘नो वरीज’च म्हणतील. फक्त पुढचं महत्त्वाचं काम दुसऱ्याकडे जाईल आणि का गेलं ते कुणी सांगणार नाही.

मीटिंगमध्ये विरोध चालतो, नव्हे अपेक्षित असतो. पद्धत अशी: आधी कशाशी सहमत आहात ते एका वाक्यात, मग ‘मला यातलं एक कळत नाहीये’ म्हणून नेमका आकडा किंवा टप्पा दाखवायचा. माणसावर जायचं नाही आणि स्वतःची पदवी मध्ये आणायची नाही. डोकं वर काढणाऱ्या फुलाला छाटायची हौस इथे जुनी आहे, ‘टॉल पॉपी’ म्हणतात तिला. ‘आमच्या कॉलेजात मी पहिला होतो’ हे वाक्य महिनाभर चेष्टेला पुरतं.

पण, आणि हा पण मोठा आहे, मुलाखतीत आणि वार्षिक आढाव्यात हीच नम्रता अंगाशी येते. तिथे ‘आम्ही केलं’ म्हटलंत तर ‘यातलं तू काय केलंस?’ हा प्रश्न येतोच. परिस्थिती, तुमचं काम, तुम्ही उचललेली पावलं, निकाल, या क्रमाने सांगा. विशेषणं नकोत, आकडे द्या. सरकारी नोकरीत तर निकषांना धरून लेखी उत्तरं मागतात, तिथेही हाच साचा चालतो.

पेस्लिप_तपासा

वरच्याला अनुमोदन. मी रजा आणि पगाराचं सांगतो, कारण इथे लोक गप्पांवर विसंबतात आणि पैसे घालवतात.

पूर्णवेळ नोकरीचा आठवडा ३८ तासांचा. त्यावर वाजवी जादा तास सांगता येतात, अवाजवी असतील तर नाकारता येतात. वर्षाला ४ आठवडे पगारी रजा आणि १० दिवस आजारपणाची रजा. मुलीला ताप आला म्हणून घरी राहिलात तर तेही याच १० दिवसांतून, त्यासाठी खोटं बोलायची गरज नाही. रजा पहिल्या दिवसापासून साठत जाते: ३८ तासांच्या नोकरीत वार्षिक रजा वर्षाला १५२ तास, म्हणजे आठवड्याला साधारण २.९२ तास. पेस्लिपवर बहुतेक तासांतच दिसते. पेस्लिप पगारानंतर एका कामाच्या दिवसात मिळायला हवी.

आजारी पडलात तर शिफ्ट सुरू व्हायच्या आधी, निदान शक्य तितक्या लवकर कळवा. फोन की मेसेज, ते कंपनीच्या नियमात असतं, पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा. मजकूर एवढाच: ‘बरं नाही, आज येत नाही, अमुक काम अमक्याकडे आहे.’ जुलाब, उलट्या, डॉक्टर काय म्हणाले, काही नको. एका दिवसासाठीसुद्धा पुरावा मागायचा हक्क कंपनीला आहे. डॉक्टरचा दाखला किंवा स्टॅच्युटरी डिक्लेरेशन (साक्षीदारासमोर सही केलेलं प्रतिज्ञापत्र) चालतं. सर्दी-खोकला घेऊन ऑफिसात येणं ही निष्ठा समजली जात नाही, लोक चक्क खुर्ची लांब सरकवतात.

खोटी आजारपणं घेण्याला ‘चकिंग अ सिकी’ म्हणतात आणि त्यावर विनोद मोठ्याने होतात. विनोदाला हसा, पण तो सल्ला समजू नका. लाँग वीकेंडला चिकटून आलेली आजारपणं मॅनेजरला न मोजताही दिसतात. आणखी एक, नोकरी सोडताना उरलेली वार्षिक रजा पैशात मिळते, आजारपणाची मिळत नाही.

तुमच्या बाबतीत खास: सप्टेंबरात रुजू झालात तर नाताळापर्यंत १६ आठवड्यांची, म्हणजे जेमतेम ६ दिवस रजा साठेल. पुष्कळ ऑफिसं नाताळ ते नवीन वर्ष बंद असतात, काही दोन आठवडे, आणि ती रजा तुमच्या खात्यातून जाते. दिवाळीला चार दिवस उडवलेत तर डिसेंबरात खातं कोरडं. आगाऊ रजा मिळेल का बिनपगारी धरणार, हे ऑफर स्वीकारतानाच ईमेलवर विचारा. भारतात चार आठवडे जायचं असेल तर मंजुरी आधी, तिकीट नंतर. ‘तिकीट काढलंय’ हे कारण म्हणून इथे चालत नाही.

संध्याकाळचे कॉल. २६ ऑगस्ट २०२४ पासून ‘राइट टू डिसकनेक्ट’ कायद्यात आहे, १५ पेक्षा कमी माणसांच्या कंपन्यांना २६ ऑगस्ट २०२५ पासून. लोक याचा अर्थ ‘पाचनंतर फोन करायला बंदी’ असा लावतात, तसं नाही. साहेब फोन करू शकतो. कामाच्या वेळेबाहेर तो न उचलण्याचा हक्क तुम्हाला आहे, नकार अवाजवी नसेल तर. तुमचं पद काय, त्या वेळेचे पैसे मिळतात का, काम किती तातडीचं, घरी लहान मूल आहे का, हे सगळं त्यात धरतात. ‘भारतातल्या टीमशी समन्वय’ तुमच्या कामाच्या वर्णनात लिहिलेलं असेल तर तुमची बाजू थोडी लंगडी पडते, म्हणून सही करण्याआधी तास लिहून घ्या.

वेळेचं गणितही पाहा. मेलबर्न भारताच्या साडेचार तास पुढे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत फरक साडेपाच तासांचा असतो. भारतात सकाळी १०ला सुरू होणारी मीटिंग इथे हिवाळ्यात अडीचला, उन्हाळ्यात साडेतीनला पडते. म्हणजे कॉल इथल्या दुपारी बसवता येतो. तो रात्री साडेनऊला होत असेल तर भारतातल्या कुणालातरी दुपारी चारचीच वेळ सोयीची वाटतेय, एवढंच. रुजू होऊन महिन्याभरात बदलून घ्या, नंतर तो रिवाज होतो.

शेवटचं, पगाराचा आकडा. ‘सुपर’ म्हणजे कंपनीने भरायचा निवृत्तीनिधी. ‘प्लस सुपर’ की ‘इन्क्लुडिंग सुपर’, हे दोन शब्द वाचल्याशिवाय हो म्हणू नका. १ जुलै २०२५ पासून निवृत्तीनिधीचा हिस्सा १२ टक्के आहे. सुपर धरून १,००,००० डॉलर म्हणजे मूळ पगार ८९,२८६ डॉलर. सुपर वेगळा असेल तर मूळच १,००,०००. फरक दहा हजारांच्या वर जातो.

मुक्काम_पोस्ट

@पेस्लिप_तपासा, एक दुरुस्ती नाही पण भर: हे सगळं पूर्णवेळ आणि अर्धवेळ लोकांना. कॅज्युअल नोकरीत पगारी वार्षिक रजा नाही, आजारपणाची पगारी रजा नाही, त्या बदल्यात तासाच्या दरावर साधारण २५ टक्के जास्त मिळतात. धागाकर्त्यांच्या सौ. सुरुवातीला कॅज्युअल काम घेणार असतील तर ‘दर केवढा चांगला’ म्हणून हुरळून जाऊ नये, त्यातच रजा विकलेली असते.

थाळी_रिकामी_नको

माझा प्रांत खाणंपिणं. ‘ब्रिंग अ प्लेट’ म्हणजे रिकामी ताटली नव्हे, सहा-आठ जणांना चाखता येईल एवढा एक पदार्थ. एकट्याने पोटभर खावा असं काही नको, हातात धरून उभ्याने खाता येईल असं हवं. कोथिंबीर वडी, छोटे बटाटेवडे, ढोकळा, हे उत्तम. रस्सा आणि भात नको, कारण लोक एका हातात पेला धरून उभे असतात. वाढायचा चमचा किंवा चिमटा स्वतःचा न्या, भांड्याच्या तळाला नाव चिकटवा, जाताना भांडं घेऊन निघा.

चिठ्ठी लावणं विसरू नका: दाणे, दूध, अंडं, गहू. इथे दाण्यांच्या ॲलर्जीला लोक फार गांभीर्याने घेतात, शाळेत तर विशेष. आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठे कुठे लपलेलं असतं हे आपल्यालाही आठवत नाही: काकडीची कोशिंबीर, साबुदाणा, भरली वांगी, चिवडा. आणि ग्लूटेनचं एक खास मराठी संकट म्हणजे हिंग. बेसनात गहू नसतो म्हणून आपण ढोकळ्यावर बिनधास्त ‘ग्लूटेन फ्री’ लिहितो, पण डबीतला बांधानी हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात मुरवलेला असतो. डबीवरचे घटक वाचा. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. सिलिॲक (ग्लूटेन अजिबात न चालणारा आजार) असलेल्या माणसाला ‘थोडंसंच आहे’ हे उत्तर चालत नाही.

बार्बेक्यूला शाकाहारी माणसाने आधी सांगावं आणि आपलं सामान आपण न्यावं: पनीर, मका, भोपळी मिरची, मशरूम. यजमानाला विचारून तव्यावर आपलं पहिलं भाजून घ्या. सॉसेजनंतर तवा पुसला तरी चरबी राहतेच. तवा सामाईकच असेल तर ॲल्युमिनियम फॉइलचा दुहेरी थर खाली घाला. बागांमधल्या इलेक्ट्रिक बार्बेक्यू बहुतेक फुकट असतात, बटण दाबलं की काही मिनिटं तापतात आणि बंद होतात, पुन्हा दाबायचं. निघताना तवा पुसून निघायचं, हा लिहिलेला नसलेला पण कडक नियम. मागे कुणीतरी ट्रे घेऊन उभं असतंच.

आता ‘शाउट’. यावर मी जरा जास्त लिहिणार, कारण इथली माणुसकी इथेच तोलली जाते. चार जण पबमध्ये गेले तर पहिला चौघांचं आणतो, त्यांचे पेले खाली होत आले की दुसरा उठतो. बिल वाटून घेत नाहीत, पाळी वाटून घेतात. ‘इट्स माय शाउट’ कुणी म्हणालं की तुमचं पेय तो आणणार, आणि तुम्ही ‘नको नको’ करत पैसे पुढे करायचे नाहीत. तुमची पाळी आली की उठा. तीन फेऱ्या पिऊन आपल्या पाळीच्या आधी ‘चला, बायको वाट बघतेय’ म्हणणारा माणूस कुणाच्याच लक्षातून जात नाही. तोंडावर कुणी बोलत नाही, पण मागाहून त्याच्या नावापुढे ‘कंजूस’ हे विशेषण कायमचं चिकटतं.

न पिणाऱ्याला दोन वाटा आहेत. पहिली: सुरुवातीलाच, पहिली ऑर्डर जाण्याआधी, ‘मी गाडी चालवतोय, माझं मी बघतो’ म्हणायचं. तुम्ही शाउटच्या बाहेर, कुणाला काही वाटत नाही. दुसरी: सोडा-लाइम घेत शाउटमध्ये राहायचं आणि आपल्या पाळीला सगळ्यांची बिअर आणायची. पैशाने तोट्याचा सौदा आहे, पण एकदा केलात तर मान मिळतो. मध्येच शिरायचं आणि मध्येच बाहेर पडायचं हे मात्र करू नका. न पिण्याचं कारण द्यावं लागत नाही. ‘मी पीत नाही’ म्हटलं की विषय संपतो. ‘लेमन लाइम अँड बिटर्स’ हे बिनदारूचं म्हणून सगळे सुचवतील; त्यात बिटर्सचे चार-सहा थेंब असतात आणि बिटर्समध्ये भरपूर अल्कोहोल असतं. अगदी कट्टर असाल तर ‘नो बिटर्स’ सांगा.

पिणाऱ्यांसाठी एक आकडा: मेलबर्नचा ‘पॉट’ २८५ मिलीचा, नेहमीच्या बिअरचा एक पॉट म्हणजे साधारण १.१ स्टँडर्ड ड्रिंक (दारू मोजायचं इथलं ठरावीक माप). पूर्ण लायसन्सवाल्याला गाडी चालवताना रक्तातली मर्यादा ०.०५ च्या खाली, पी-प्लेटवाल्याला (नवशिक्या, तात्पुरतं लायसन्स असलेल्याला) शून्य. शाउटमध्ये गती सगळ्यात भराभर पिणारा ठरवतो, म्हणून गाडी असेल तर पहिली वाटच बरी.

‘टी’चं आमंत्रण आलं तर वेळ विचारा. साडेसहाचं ‘टी’ म्हणजे रात्रीचं जेवण, चहा नव्हे. मुलीच्या वर्गातल्या वाढदिवसांचंही असंच: पत्रिकेवर दोन ते चार लिहिलं असेल तर चारला मुलांना न्यायला उभं राहायचं. येणार की नाही ते दिलेल्या तारखेच्या आत कळवा. धाकटं भावंड न विचारता नेऊ नका, मुलं मोजून जागा आणि लॉली बॅगा (परत जाताना द्यायच्या खाऊच्या पिशव्या) ठरलेल्या असतात.

लाल_झाकण

शेजार. भांडणं तीन गोष्टींवरून: कचऱ्याचे डबे, आवाज, गाडी. त्यात डबे पहिले.

व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, झाकणांचे रंग असे: लाल म्हणजे बाकी कुठल्याच डब्यात न जाणारा उरलेला कचरा, पिवळं म्हणजे कागद-डबे-बाटल्या, पोपटी हिरवं म्हणजे बागेचा पालापाचोळा आणि बऱ्याच ठिकाणी अन्नही, जांभळं म्हणजे काच. सगळ्या कौन्सिलांमध्ये (स्थानिक नगरपालिकांमध्ये) चारही अजून नाहीत आणि कुठला डबा कोणत्या आठवड्यात हेही कौन्सिल ठरवते. वेबसाइटवर पत्ता टाकला की वर्षाचं वेळापत्रक मिळतं, ते फ्रिजवर लावा.

डबे आदल्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेला. चाकं घराकडे, झाकण उघडायची बाजू रस्त्याकडे, दोन डब्यांत निदान ३० सेंटिमीटर अंतर, मागे-पुढे गाडी किंवा वर फांदी नको. ट्रकमधून माणूस उतरत नाही, एक यांत्रिक हात येऊन डबा उचलतो. चिकटून ठेवलेत तर तो दोन्ही पाडतो. झाकण पूर्ण मिटत नसेल तर तसाच सोडून जातो. पिवळ्यात कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकायचा नाही, सुटा टाकायचा. पिशव्या यंत्राच्या चाकांत अडकतात. रिकामा डबा त्याच दिवशी आत घ्या.

शेजारच्या म्हातारबुवांचा डबाही आत ओढून ठेवलात तर दुसऱ्या आठवड्यात ते तुमचा ओढून ठेवतील. इथे ओळखी अशा होतात, ‘या ना घरी’ म्हणून नाही.

आवाजाचं व्हिक्टोरियात: गवत कापायचं यंत्र, ड्रिल वगैरे सोमवार ते शुक्रवार सकाळी ७च्या आधी आणि रात्री ८नंतर बंद. शनिवार-रविवार सकाळी ९च्या आधी नाही. गाणी सोमवार ते गुरुवार रात्री १०पर्यंत, शुक्रवार-शनिवार ११पर्यंत, रविवारी १०. या वेळेतही वाजवीपेक्षा मोठा आवाज केलात तर तक्रार होऊ शकतेच. गणपतीची आरती साडेसातला खुशाल करा. ढोल आणायचे असतील तर मंडळाच्या हॉलमध्ये. दिवाळीला फुलबाज्यांच्या पलीकडे काही फोडायचं नाही, फटाक्यांना परवाना लागतो.

मोठी पार्टी असेल तर आठवडाभर आधी दोन्ही बाजूंच्या घरात चिठ्ठी टाका: तारीख, किती वाजता संपणार, तुमचा मोबाइल नंबर. नंबर महत्त्वाचा. नंबर असेल तर ते तुम्हाला मेसेज करतात, नसेल तर थेट कौन्सिल किंवा पोलीस. उलट तुमची तक्रार असेल तेव्हाही हाच क्रम: आधी दारात जाऊन हसत, मग चिठ्ठी, मग कौन्सिल. थेट वरती कळवणाऱ्याला ‘डॉबर’ म्हणतात आणि तो शब्द चांगला नाही.

फुटपाथ आणि रस्ता यामधली हिरवळ, ‘नेचर स्ट्रिप’, कौन्सिलची असते आणि गवत तुम्ही कापायचं. कारण विचारू नका. जुना सोफा तिथे तसाच टाकून ठेवलात तर दंड होऊ शकतो, आधी हार्ड रबिश (मोठं टाकाऊ सामान उचलून नेण्याची कौन्सिलची सोय) बुक करा.

हार्बरवाला

सिडनीहून थोडं वाकडं मत. वर सगळं नीटनेटकं सांगितलंय, पण ‘घरी बोलावत नाहीत’ या तक्रारीला उत्तर मिळालं नाही. ‘वी शुड कॅच अप’ हे आमंत्रण नसतं, निरोप असतो. त्याचं आमंत्रण तुम्ही करायचं: ‘शनिवारी दहाला, अमुक कॅफे, अर्धा तास.’ वार, वेळ, जागा आणि संपण्याची वेळ. घर ही पहिली पायरी नाही, चौथी-पाचवी आहे.

आणि ओळखी बसून होत नाहीत, काम करताना होतात. मुलीला शनिवारच्या खेळात घाला आणि स्कोअर मांडायला, संत्री कापायला, सॉसेज सिझलच्या पाळीला नाव द्या. सॉसेज सिझल म्हणजे ब्रेडची एक स्लाइस, तिरकं सॉसेज, परतलेला कांदा, सॉस. शाकाहारी माणसाला कांद्याच्या तव्यावर किंवा गल्ल्यावर उभं राहता येतं. दोन तास शेजारी उभं राहून कांदा परतलेल्या माणसाशी जी ओळख होते ती ऑफिसच्या दोन वर्षांत होत नाही. मंडळात जा, जरूर जा, पण प्रत्येक वीकेंड मंडळातच गेला तर मग ‘ते बोलावत नाहीत’ म्हणू नये.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. चेष्टा करणं हे आपलं मानल्याचं लक्षण, हे खरं. टोपणनाव पडलं तर समजा तुम्ही आत आलात. पण उच्चारावरून, रंगावरून, डब्याच्या वासावरून रोज एकच जण एकाच माणसाला टोचत असेल तर ती चेष्टा नाही. हसून सोडू नका. सपाट आवाजात ‘म्हणजे काय म्हणायचंय तुला?’ एवढंच विचारा. विनोद समजावून सांगायला लागला की मरतो. थांबलं नाही तर तारीख, शब्द, कोण हजर होतं ते लिहून ठेवा आणि मॅनेजरला ईमेल करा. वांशिक भेदभावाविरुद्धचा कायदा १९७५ पासून आहे आणि लेखी नोंद असली की कंपन्या हलतात. (डब्याच्या वासाबद्दल मात्र: सुका बोंबील ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करणाऱ्याच्या बाजूने मी उभा राहणार नाही.)

सिडनीत वेगळं काय? बिअरचं नेहमीचं माप ४२५ मिलीचं ‘स्कूनर’, त्यामुळे शाउट महाग पडतो. बसमधून उतरताना ड्रायव्हरला ‘थँक यू’ म्हणणं मात्र दोन्हीकडे.

नवखा_पाहुणा

सगळ्यांचे मनापासून आभार, हे छापून घेतोय. हिंगाचं तर डोक्यातच आलं नसतं. दोनच उपप्रश्न: मुलीच्या शाळेसाठी पहिल्या आठवड्यात काही विशेष लागतं का? आणि ऑफिसच्या पहिल्या दिवशी पुण्याहून पेढे नेले तर चालतील, की जास्त होईल?

थाळी_रिकामी_नको

शाळा: रुंद कडेची टोपी. बेसबॉल कॅप नाही, कान आणि मान उघडी राहते. यूव्ही (उन्हातले अतिनील किरण) निर्देशांक ३ किंवा त्याहून जास्त झाला की ‘नो हॅट, नो प्ले’, म्हणजे टोपी विसरली तर मधल्या सुट्टीत सावलीत बसून राहायचं. सप्टेंबरात हवा गार असते म्हणून आपण टोपी देत नाही, पण यूव्हीचा गारव्याशी संबंध नाही. डब्यात दाणे नकोत, चिक्की आणि चटणीसुद्धा. ‘गोल्ड कॉइन डे’ अशी चिठ्ठी आली तर एक किंवा दोन डॉलरचं नाणं द्या, दोन्ही सोनेरी असतात.

पेढे: ऑफिसात नेणं जास्त होत नाही, पण पुण्याहून आणू नका. भारतातली दुधाची मिठाई विमानतळावरचे बायोसिक्युरिटीवाले येऊ देत नाहीत: पेढे, बर्फी, गुलाबजाम, रसगुल्ले, करंजीसुद्धा. बाकी जे काही खाण्याचं बॅगेत असेल, मसाले, लाडू, लोणचं, ते सगळं उतरताना भरायच्या प्रवेश-कार्डावर ‘हो’ लिहून जाहीर करा. जाहीर केलेलं फार तर काढून घेतात, लपवलेल्याला दंड होतो आणि व्हिसाही अडचणीत येऊ शकतो. पेढे मेलबर्नच्या भारतीय दुकानात मिळतात. टी-रूममध्ये डबा उघडा ठेवा, शेजारी ‘दूध, पिस्ता’ अशी चिठ्ठी, टीमच्या चॅटवर एक ओळ. प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन ‘घ्या ना, अजून एक घ्या’ करू नका. साडेदहाच्या मॉर्निंग टीला डबा आपोआप रिकामा होतो. तळाशी एकच पेढा उरेल आणि तो कुणीच उचलणार नाही. तो तुम्ही खा आणि डबा धुऊन ठेवा.